गणवेश एकच, शाळा मात्र चार!

ओळखा पाहू, फुलातला गोड रस कोण पितं?

फुलपाखरू? बरोबर! मधमाशी? शाब्बास! आणि… सापसुरळी?

हसू नका, दोस्तांनो! खरंच पिते!

ब्राझीलच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर, अटलांटिक महासागरात, फर्नांदो द नोरोन्या नावाची चिमुकली बेटं आहेत. तिथे मुलुंगूची झाडं वाढतात. मुलुंगू म्हणजे आपल्या पांगाऱ्याच्याच गोतातलं झाड. ते फुलतं ऐन कोरड्या दिवसांत, पाण्याची मारामार असताना. मग काय! खडकांतली सापसुरळी तुरुतुरु खोडावर चढते, फांदीच्या टोकाला जाते, लालकेशरी फुलात डोकं खुपसते आणि रस चाटायला लागते. तिच्या खवल्यांना परागकण चिकटतात. ती दुसऱ्या फुलाकडे गेली की तेही तिच्याबरोबर जातात. मधमाशीचं काम चक्क सापसुरळी करते!

पण खरी गंमत तर पुढेच आहे. ही सापसुरळी राहते ब्राझीलमध्ये, पण तिचे जवळचे नातेवाईक आहेत कुठे? आफ्रिकेत! मधे दोन हजार किलोमीटरांहून जास्त समुद्र!

कसं शक्य आहे? सांगते. आधी सापसुरळीशी नीट ओळख करून घेऊ.

तुम्ही तिला पाहिलंच असेल. अंगणातल्या पाचोळ्यात खसफस होते, काहीतरी तपकिरी, चकचकीत सुळ्ळकन पळतं आणि दगडाखाली गडप! तीच ती. अंग लांबुळकं, पाय इवलेइवले. मान आणि धड जवळजवळ एकाच जाडीचं. आपल्याकडे नेहमी दिसणारी मोठी सापसुरळी शेपटीसकट जवळजवळ फूटभर भरते. लांबून ती अगदी गुळगुळीत वाटते ना? पण तिच्या पाठीच्या एकेका खवल्यावर तीन किंवा त्याहून जास्त बारीक, उभ्या रेघा उठून आलेल्या असतात!

जगात सापसुरळ्यांच्या किती जाती असतील? शंभर? दोनशे? छे! सतराशेहून जास्त!

आता इतक्या जातींचे गट कसे पाडायचे? पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी सोपा मार्ग धरला. त्यांनी रूप पाहिलं. 1826 साली फिट्झिंगर नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने ‘मॅबुया’ नावाचा एक गट केला. पुढे त्यात भर पडतच गेली. भारतातली चकचकीत तपकिरी सापसुरळी? टाका मॅबुयात! आफ्रिकेतली? मॅबुयात! ब्राझीलमधली? तीही मॅबुयातच! जगभरच्या उष्ण प्रदेशांतल्या सापसुरळ्या एकाच नावाखाली गोळा झाल्या.

इथेच घोटाळा झाला. आंतरशालेय स्पर्धेच्या मैदानावर जा. चार शाळांची मुलं आली आहेत आणि चारही शाळांचा गणवेश पांढरा सदरा, खाकी पँट. लांबून पाहणारा म्हणेल, “अरे, ही सगळी एकाच शाळेची!” पण खिशातली ओळखपत्रं काढून पाहिली तर? शाळा चार निघतात!

सापसुरळीच्या खिशात कुठलं आलंय ओळखपत्र? पण असतं बरं का! तिच्या शरीराच्या प्रत्येक बारीक कणात, म्हणजे पेशीत, डीएनए असतो. तुमच्याआमच्यातही असतो. त्यात फक्त चार अक्षरांनी लिहिलेला भलामोठा मजकूर असतो. आईबाबांकडून तो पिल्लांकडे येतो. येता येता क्वचित एखादं अक्षर बदलतं. म्हणून दोघींचा मजकूर जितका सारखा, तितकं त्यांचं नातं जवळचं. फरक जितके जास्त, तितकी त्यांची ताटातूट जुनी!

जर्मन आणि ब्राझिलियन शास्त्रज्ञांनी ही ‘ओळखपत्रं’ तपासली. 2002 साली त्यांनी सांगितलं, ‘हा एक गट नाहीच, चार आहेत!’ मग अमेरिकेतल्यांकडे मॅबुया हे नाव राहिलं. आशियातल्या झाल्या युट्रोपिस. आपल्या अंगणातली मोठी सापसुरळी यातलीच! आफ्रिकेतल्यांना आज ट्रॅकिलेपिस म्हणतात. आणि आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्दे नावाची बेटं आहेत, तिथल्यांना नाव मिळालं किओनिनिया.

आणि नोरोन्याची ती रस पिणारी? तिच्या ओळखपत्रावर निघालं ट्रॅकिलेपिस! पत्ता ब्राझीलचा, घराणं आफ्रिकेचं!

मग तिचे पूर्वज एवढा समुद्र ओलांडून आले कसे? पोहत? नाही हो! शास्त्रज्ञ म्हणतात, तरंगत आले असणार. नदीला पूर येतो, काठावरची झाडं उन्मळून समुद्रात जातात. त्यांच्या ढोलीत, मुळांत एखादी सापसुरळी अडकलेली असते. आफ्रिकेकडून ब्राझीलच्या दिशेने समुद्राचा मोठा प्रवाह वाहतो, तो ते लाकूड नेतो. सापसुरळीला आपल्यासारखं रोज तीनदा जेवायला लागत नाही, त्यामुळे ती बराच काळ तग धरू शकते.

आणि ऐका! अमेरिकेतल्या मॅबुयांचे पूर्वजही आफ्रिकेकडूनच आले, पण वेगळ्या वेळी. म्हणजे सापसुरळ्यांनी अटलांटिक महासागर एकदा नाही, दोनदा ओलांडला!

ओळखपत्रं वेगळी, तशा सवयीही वेगळ्या. आपली मोठी सापसुरळी अंडी घालते. अमेरिकेतल्या मॅबुया मात्र थेट पिल्लांना जन्म देतात. त्यांचं अंडं सुरुवातीला किती मोठं असतं, माहीत आहे? जेमतेम एक मिलिमीटर! तुमच्या पट्टीवरचं सगळ्यांत छोटं घर! मग पिल्लू वाढतं कशावर? आईच्या पोटात नाळ तयार होते आणि पिल्लाचं जवळजवळ सगळं पोषण त्या नाळेतूनच होतं. अगदी आपल्यासारखं!

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. सापसुरळी विषारी असते, असं पुष्कळ जण मानतात. ते खरं नाही! ती विषारी नसते. ती किडे खाते आणि माणूस दिसला की आधी स्वतःच पळते. म्हणून कुणी तिच्यामागे काठी घेऊन धावलं, तर त्यांना थांबवा. ती विषारी नाही हे सांगा, आणि तिला तिच्या वाटेने जाऊ द्या.