दुसरा डेंग्यू आणि पहिली लस

ताप उतरला की आईवडील सुटकेचा नि:श्वास टाकतात. डेंग्यूच्या पोरावर माझी खरी नजर असते ती तेव्हापासून. हातपाय गार पडतायत का, पोट दुखतंय का, रक्ताचा दाटपणा दाखवणारं हिमॅटोक्रिट चढतंय का? रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं ते याच दिवसांत. त्यात आधी कधी डेंग्यू झालेला असेल, तर मी जास्तच सावध होते.

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एकदा होऊन गेला की त्या प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडं आपल्याला राखतात. दुसरा प्रकार आला तर मात्र ती त्याला नुसती चिकटतात, निकामी करत नाहीत. आपल्या भक्षक पेशी प्रतिपिंडांना धरून आत ओढतात, सोबत जिवंत विषाणूही आत जातो आणि तिथेच वाढतो, म्हणून दुसरा डेंग्यू जास्त गंभीर होऊ शकतो. संशोधक स्कॉट हॉलस्टेड यांनी १९६०च्या दशकात बँकॉकच्या मुलांमध्ये हे ओळखलं. आईकडून आलेली प्रतिपिंडं विरत चाललेली तान्ही बाळंही त्यात सापडत होती.

डेंगव्हॅक्सिया या पहिल्या डेंग्यू लसीत नेमका हाच घोळ झाला. ज्याला कधीच डेंग्यू झाला नव्हता, त्याच्या शरीराला लस म्हणजे पहिला डेंग्यू वाटली. मग खरा आला तो दुसरा ठरला. चाचण्यांच्या तिसऱ्या वर्षी लहान लसधारक मुलं जास्त प्रमाणात रुग्णालयात दाखल होताना दिसली, म्हणून वयाची अट नऊ वर्षं ठेवली. पण प्रश्न वयाचा नव्हताच, आधीच्या संसर्गाचा होता, आणि लसीआधीचं रक्त थोड्याच मुलांचं घेतलेलं होतं. हॉलस्टेड बजावत असतानाही फिलिपिन्सने एप्रिल २०१६मध्ये शाळांतून लसीकरण सुरू केलं. आठ लाखांहून अधिक मुलांना लस दिली गेली. नोव्हेंबर २०१७मध्ये लस बनवणाऱ्या कंपनीने धोका जाहीर केला आणि मोहीम थांबली. लसी महत्त्वाच्या आहेत असं ठामपणे मानणारे तिथले लोक २०१५मध्ये ९३ टक्के होते, २०१८मध्ये ३२ टक्के. २०१९मध्ये गोवराने शेकडो बळी घेतले. ढासळलेला विश्वास हे त्यामागचं एक कारण, आणि मला सगळ्यात जास्त छळतं ते हेच.

आपल्याकडे ऑगस्ट २०२४मध्ये रोहतकला देशी डेंग्यू लसीच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीला सुरुवात झाली. दहा हजारांवर प्रौढ, दोन वर्षं पाठपुरावा. ही लस यावी असं मला मनापासून वाटतं. पण डेंगव्हॅक्सियाचा धोका तिसऱ्या वर्षी दिसला होता. तेव्हा दोन वर्षांपुढेही लक्ष ठेवा आणि आधी डेंग्यू न झालेल्यांचे आकडे वेगळे काढून दाखवा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना ती लस टोचण्याआधी मी ते आकडे मागणार आहे.