श्रवणयंत्र शिटी मारतं तेव्हा

श्रवणयंत्र सारखी शिटी मारतं, आवाज बारीक येतो, म्हणून अनेक ज्येष्ठ ते काढून कपाटात ठेवून देतात. पुष्कळदा यंत्र ठीकच असतं. यंत्राचा आवाज कानातल्या मळावर आदळून पुन्हा मायक्रोफोनकडे येतो आणि शिटी वाजते.

मळ कानाच्या रक्षणासाठीच असतो. कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागातल्या ग्रंथी मळ तयार करतात. तो चिकट, किंचित आम्लधर्मी असतो. धूळ अडवतो, जिवाणू-बुरशीला आवर घालतो. नलिकेची त्वचा कानाच्या पडद्याकडून बाहेर हळूहळू सरकते आणि मळही सोबत आणते. श्रवणयंत्र दिवसभर याच वाटेत बसलेलं असतं. मळ मागे साचतो.

अशा वेळी काडी, हेअरपिन किंवा कापूस गुंडाळलेली काडी घातली, तर बराचसा मळ आणखी आत, पडद्याजवळ ढकलला जातो. कोरण्याऐवजी तो मऊ करावा. रात्री यंत्र काढल्यावर कुशीवर झोपून औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या, मळ मऊ करणाऱ्या थेंबांचे दोन-तीन थेंब कानात घालावेत. बाटली आधी तळहातात धरून कोमट करावी, कारण गार थेंबांनी चक्कर येऊ शकते. पाच मिनिटं तसंच पडून राहावं, मग बाहेर आलेलं तेवढंच पुसावं. हे तीन ते पाच दिवस करावं. कान कोरडा झाल्याशिवाय यंत्र घालू नये.

कान दुखत किंवा वाहत असेल, पडद्याला कधी छिद्र पडलं असेल, कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर थेंब किंवा तेल काहीही घालू नये. मधुमेह असलेल्यांनी घरी पिचकारीने कान धुऊ नये. ओलाव्यातून गंभीर संसर्ग होऊ शकतो. एकाच कानाने ऐकू येत असेल, तर त्या कानावर घरी प्रयोग नकोतच. या सगळ्यांनी थेट कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं. ते कानात पाहत, शोषक उपकरणाने ओढून मळ काढतात.

श्रवणयंत्रालाही रोजची निगा लागते. सकाळी, मळ वाळलेला असताना, सोबत मिळालेल्या ब्रशने ते झाडावं. आवाज जिथून येतो ते तोंड खाली धरावं, म्हणजे भुगा आत जात नाही. तिथली मळ अडवणारी बारीक जाळी भरली की बदलावी. यंत्राला पाणी लावू नये.

घरातल्या आजी-आजोबांना अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी जाळी तपासा आणि लगेच डॉक्टरांना कान दाखवा. मळ हे कारण असेल, तर ऐकू येणं बहुधा लगेच सुधारतं. कारण दुसरं असेल, तर उपचारांना उशीर परवडत नाही.