उष्णतेने केलेले क्युअरिंग आणि पुलाच्या गर्डरमधील काँक्रीटचे दीर्घकालीन वर्तन

प्रस्तावना : पूर्वप्रतिबलित गर्डर कारखान्यात तयार करताना वेळेची निकड असते. ताणलेल्या पोलादी तारांचा भार पेलण्याइतके सामर्थ्य काँक्रीटला येईपर्यंत साचा मोकळा होत नाही. साध्या क्युअरिंगने ज्यास अनेक दिवस लागतात, ते वाफेच्या साहाय्याने साधारणतः एका दिवसात साधते. ही उष्णता पुढील अनेक दशकांत कोणता परिणाम घडविते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सामर्थ्य व विरूपण : उष्णतेमुळे सिमेंटचे जलसंयोजन वेगाने होते, परंतु तयार होणारा पदार्थ सर्वत्र पसरण्याआधीच सिमेंटकणांभोवती दाट कवच बनवितो व मधली जागा सच्छिद्र राहते. त्यामुळे पहिल्या दिवशी सरस ठरलेले काँक्रीट २८ दिवसांनी व त्यानंतर सामान्य तापमानात मुरलेल्या काँक्रीटपेक्षा बहुधा कमी पडते. मात्र आकुंचन व विसर्पण सामान्यतः घटत असल्याने पूर्वप्रतिबलाचा ऱ्हास कमी होतो, हा लाभही मान्य करावा लागतो.

विलंबित एट्रिंजाइट : जिप्सममधील सल्फेटपासून प्रारंभी एट्रिंजाइट बनते. काँक्रीट ओले असताना ते निरुपद्रवी असते. तापमान सुमारे ७०° सेल्सिअसच्या वर गेल्यास ते टिकत नाही आणि सल्फेट सिमेंटच्या जेलमध्ये अडकून राहते. पुढे ओलावा मिळत राहिल्यास काही महिन्यांनी वा वर्षांनी एट्रिंजाइट पुन्हा तयार होऊ शकते. कठीण झालेले काँक्रीट त्यामुळे प्रसरण पावते व तडकते. १९९० च्या दशकात अमेरिकेतील टेक्सास राज्यात पूर्वप्रतिबलित पेटी-गर्डर पुलावर बसविण्यापूर्वीच तडकलेले आढळले. अल्कली-सिलिका अभिक्रियेबरोबरच ही क्रियाही तेथे दिसून आली.

उपाय : ओतकामानंतर तीन-चार तास थांबून वाफ द्यावी, तापमान ताशी सुमारे २०° हून अधिक वाढू देऊ नये आणि ते ७०° च्या आत राखावे. हे मोजमाप गर्डरच्या जाड भागाच्या गर्भात व्हावे. कारण आच्छादनातील हवा ६०° असली, तरी सिमेंटची स्वतःची उष्णता आत भर घालीत असते. योग्य प्रमाणातील फ्लाय ॲश वा झोतभट्टीची मळी हा धोका कमी करते.

निष्कर्ष : दुसऱ्या दिवशीची क्यूब-चाचणी साचा कधी सोडावा एवढेच सांगते, गर्डर किती टिकेल हे सांगत नाही. म्हणून गर्भातील तापमानाची नोंद ही सामर्थ्याच्या नोंदीइतकीच आवश्यक मानली पाहिजे.