क्रिप्टोफॅजिडी
क्रिप्टोफॅजिडी हे भुंगेऱ्यांचे (गण: कोलिऑप्टेरा) एक कुल असून त्यात सुमारे ६०० जाती आहेत. हे कीटक साधारणपणे १ ते ५ मिमी लांब असून त्यांच्या अंगावर रेशमी केस असतात. शृंगिका ११ खंडांची असून शेवटचे ३ खंड गदेसारखे फुगीर असतात. त्यांच्याशी साम्य असलेल्या लॅट्रिडिइडी कुलात पायाच्या टोकाशी ३ गुल्फखंड असतात. यांच्यात बहुधा ५ असतात. क्रिप्टोफॅगस ही प्रजाती अग्रवक्षाच्या पुढच्या कोपऱ्यांवरील जाड उंचवट्यांवरून ओळखतात. जाती ठरविण्यासाठी मात्र अनेकदा नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागतात.

हे भुंगेरे मुख्यतः बुरशी खातात. त्यामुळे कोठारातील त्यांचा आढळ धान्यात ओलावा व बुरशी असल्याचे सुचवितो; अशा वेळी धान्य वाळविणे हाच मूळ उपाय ठरतो.