भिंतीतली ओल विम्यात बसते का?

पावसाळा ओसरतो, बाहेरच्या भिंतीला आतून पोपडे सुटतात, कपाट हलवलं की मागे काळपट बुरशी दिसते आणि घरमालक विम्याची पॉलिसी शोधू लागतो. बहुतेक वेळा पदरी नकार पडतो. ओल किती लपलेली होती, यावर तो नकार ठरत नाही. पाणी कशामुळे आलं, यावर ठरतो. आगविमा विकणाऱ्या सर्व कंपन्यांना 1 एप्रिल 2021पासून द्यावी लागणारी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी संकटं नावानिशी सांगते: आग, भूकंप, वादळ, पूर, दरड, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं. वर्षानुवर्षं झिरपणं त्यात नाही. प्लास्टरला बारीक तडा जातो, पाणी शिरतं, सळई गंजून फुगते, वरचं काँक्रीट ढकलते आणि आणखी पाण्याला वाट होते. यातला नुकसानीचा दिवस कोणता धरायचा? विमा अनिश्चित घटनेचा उतरवतात. न राखलेली भिंत मुंबई-कोकणच्या पावसात भिजणार, हे ठरलेलंच असतं.

‘पण मला दिसलंच नाही, यात माझा काय दोष?’ हा आक्षेप खरा आहे, आणि एका ठिकाणी तो लागूही पडतो. भिंतीत दडवलेला पाइप फुटला असेल, तर तो दिसत नव्हता म्हणून दावा बाद होत नाही, कारण घटना यादीतली आहे. मात्र ती तशीच घडली, हे आधी विमाधारकाला दाखवावं लागतं. म्हणून सर्व्हेअर येईपर्यंत फुटका तुकडा टाकू नये, फोटो काढल्याशिवाय भिंत लिंपू नये. वादळाचंही तसंच: तौक्तेसारख्या वादळाने भिंत उघडी पडली तर दावा उभा राहतो, पण भिंत आधीच कुजली होती, असं कंपनी म्हणू शकते. तिथे जुना स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल कामी येतो.

मग हप्ता भरायचा कशाला, असं कुणी विचारेल. आगीसाठी, भूकंपासाठी, पुरासाठी. ओलीचा खर्च मागायची जागा दुसरी आहे. सहकारी सोसायटीत बाहेरच्या भिंतीतून येणारी पावसाची गळती दुरुस्त करणं आदर्श उपविधींनुसार सोसायटीचं काम आहे. त्यासाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधी आणि 0.25 टक्के सिंकिंग फंड जमवायचा असतो; 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी, त्याहून जुनीचं दर 3 वर्षांनी ऑडिट करायचं असतं. वर्गणी वाढवायचा ठराव सर्वसाधारण सभेत हाणून पाडायचा आणि पुढे विमा कंपनीवर संतापायचं, हे मला पटत नाही. बंगलेवाल्याला असा निधी आयता नसतो. त्याने तो दरवर्षी स्वतः बाजूला काढावा आणि मे महिन्यातच गच्ची, सज्जे नि तडे तपासून घ्यावेत.