घरकुल मंजूर, जागेचं काय?

अलिबाग तालुक्यातल्या थळ परिसरात एखादी वाडी विकली गेली की दस्त नोंदवला जातो, मुद्रांक शुल्क भरलं जातं आणि त्यावरच्या एक टक्का अधिभारातला वाटा जिल्हा परिषदेच्या हातून फिरत फिरत ग्रामपंचायतीपर्यंत येतो. व्यवहार जेवढा मोठा, तेवढी पंचायतीची जमा जास्त. म्हणजे गावची जमीन बाहेरच्या माणसाकडे गेली की गावच्या दप्तरात पैसा येतो आणि गावच्याच पोराला घर बांधायला उरलेली जागा तेवढीच कमी होते. घरकुलांवर लिहिताना आपण हप्ते मोजतो, उद्दिष्टाची टक्केवारी मोजतो. अलिबागच्या किनाऱ्यावर गाडी त्याच्याही आधी अडते. घर बांधायचं कुठे?

जमिनीसाठी झगडणं या तालुक्याला नवं नाही. वडखळ रस्त्यावरच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ साली खोतांची शेतं कसायचं थांबवलं, ते थेट १९३९ पर्यंत. पुढे १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा आला, कूळकायदा आला आणि कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर चढलं. ही शाई वाळून जेमतेम एक पिढी झाली, तोच थळ-वायशेतला खत कारखाना आला.

राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स ही कंपनी १९७८ ची. मुंबई हायचा वायू उरणहून नळातून आणायचा, त्यापासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया करायचा, असा बेत. जागेवरून मुंबईतल्या पर्यावरणवाद्यांनी आक्षेप घेतले, तंत्रज्ञानाच्या कंत्राटावरून दिल्लीत वादळ उठलं, जागतिक बँकेने कर्ज मागे घेतलं. तरीही १९८५ च्या सुमारास कारखाना चालू झाला. ‘उज्ज्वला’ युरियाची पोती देशभर गेली आणि थळचं नाव शेतकऱ्यांना पोत्यावरून कळलं. कामगारांची वसाहत मात्र कुरूळला, अलिबागच्या कुशीत झाली. कारखान्याची चिमणी थळची आणि पगाराच्या दिवशीचा बाजार अलिबागचा, अशी वाटणी मला पहिल्यापासून खटकत आली आहे.

जमीन देणाऱ्यांच्या हाती प्रकल्पग्रस्त दाखला आला. दाखल्यावर नाव एकाचं लागतं आणि घरात भाऊ चार. चाळीस वर्षांत त्या चारांच्या दहा चुली झाल्या. कारखान्याच्या दारात नोकरीसाठी बसणाऱ्यांत आता नातवंडंही दिसतात.

त्यानंतरची लाट आली ती बंगल्यांची. ती गावात शिरली गोडीगुलाबीने, आणि म्हणूनच जास्त आत गेली. किनाऱ्यालगत नारळी-सुपारीच्या वाड्या, चार-सहा गुंठ्यांच्या, मध्ये विहीर आणि पाट. २०२० च्या मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईकराची मोटार तासाभरात समुद्र ओलांडू लागली. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या बागा आडव्या केल्या. सरकारने बागायतीची मदत वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केली. गुंठ्याला भागून पाहा, सुमारे ५०० रुपये येतात. नारळ पुन्हा लावला तर फळ धरायला सहा-सात वर्षं. अशा वेळी दलाल दारात आला तर वाडीवाल्याने काय करावं, हे शहाणपण त्याला कोणी शिकवू नये. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि उरलीसुरली कसरही भरून निघाली.

बेकायदा बंगल्यांविरुद्ध कारवाई होत नाही असं नाही. किहीममधला नीरव मोदीचा बंगला ८ मार्च २०१९ ला सुरुंग लावून पाडला, त्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. पण तो पाडल्याने कोणाला घर मिळालं नाही. शिवाय किनारा नियमन क्षेत्राची जी अधिसूचना बंगलेवाल्याला आडवी येते, तीच कोळीवाड्यालाही येते. फरक एवढाच की बंगलेवाल्याकडे वकील असतो.

कोळीवाड्याची अडचण समजून घ्यायची तर कागदाकडे बघावं लागतं. घराला घर चिकटलेलं, मधून बोळ, पुढे जाळी विणायला आणि बोंबील-जवळा वाळवायला मोकळी जागा. ही जागा कोणाच्याच नावावर नाही आणि तिच्याशिवाय कोळणीचा धंदाही नाही. घराचा पुरावा म्हणून हाती असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. त्यावर घरपट्टी भरली जाते, पण घरपट्टी भरली म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, आणि बँक तर त्याकडे ढुंकूनही बघत नाही. २०११ च्या किनारा अधिसूचनेने मच्छीमारांसारख्या पारंपरिक रहिवाशांना भरतीरेषेपासून १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात घर बांधायची मुभा दिली. कोळीवाडे मात्र पिढ्यान्‌पिढ्या १०० मीटरच्या आतच, होडी डोळ्यांसमोर राहील असे वसलेले. ज्याने ही मुभा लिहिली त्याने होडी शाकारली नसावी.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातही असंच. २०१६ पासून घराला १ लाख २० हजार रुपये, रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२,००० वेगळे. २०२५ मध्ये राज्याने आणखी ५०,००० जाहीर केले. पण घरी यांत्रिक होडी असली की नाव यादीतून आपोआप वगळायचं, असा निकष २०२४ पर्यंत होता! होडीवर कर्ज किती, ती सहा भावांत सामाईक आहे का, असं काही विचारायचं नाही. निकष निघाला हे बरं झालं. पण पक्कं छप्पर असलं किंवा दोनपेक्षा जास्त खोल्या असल्या की घर आहेच असं धरतात, त्या खोल्यांत किती संसार आहेत हे कोणी मोजत नाही.

ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी दीनदयाळ उपाध्यायांच्या नावाची योजना आहे: ५०० चौरस फूट जागा घ्यायला आधी ५०,००० मिळत, आता १ लाख. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे साधारण अर्धा गुंठा. थळच्या समुद्रावर एक लाखात अर्धा गुंठा द्या म्हटलं तर दलाल हसेल आणि चहा पाजून परत पाठवेल. मुंबईला खेटलेला हा तालुका आणि दूरचं एखादं दुष्काळी गाव, दोन्हींना एकच रक्कम. हा निव्वळ आळस आहे.

बेघरपणाचं सगळ्यात उघडं रूप मात्र कोळीवाड्यात नाही, ते तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवर आहे. दिवाळी सरली की माणसं वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडाला परततात. भट्टीवर विटांच्याच आडोशाला राहायचं. शहरात बेघरांसाठी रात्रनिवारे काढायची जबाबदारी नगरपालिकांवर आहे. खेड्यात तशी सोय नाही, कारण खेड्यात बेघर नसतात असं गृहीत धरलेलं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या पीएम-जनमन योजनेत कातकऱ्यांना घरासाठी २ लाख ठेवले, ही खरोखर चांगली गोष्ट. आता वाडी ज्या जमिनीवर उभी आहे तिचा मालक कोण, हा प्रश्न आला. कुठे खासगी, कुठे वनखात्याची. मालकाची संमती नाही तर पहिला हप्ताही नाही.

मग जमिनी विकल्या जाण्यावाचून गावाला दुसरं उत्पन्न काय? थळसमोरच्या समुद्रात खांदेरी आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या आरमाराला न जुमानता ती बांधली, आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांमध्ये तिचं नाव युनेस्कोच्या यादीत गेलं. कोळ्यांचा वेताळ तिथे आहेच, होड्या थळहून जातात. आता पाहुणे वाढतील. किनारा नियमांनी स्थानिकांना राहत्या घरात, घराचा आकार न बदलता, पाहुणे ठेवायची परवानगी दिली आहे. कल्पना उत्तम, पण पुन्हा घर नावावर हवं आणि एक खोली रिकामी हवी. नाहीतर खांदेरीचा पाहुणा सकाळी होडीचं भाडं देईल आणि रात्री बंगल्यात झोपेल.

ग्रामपंचायत अगदीच दुबळी आहे असं मी मानत नाही. कारखान्याकडून कराऐवजी ठोक रक्कम ठरवून घेण्याची तरतूद पंचायत कायद्याच्या कलम १२५ मध्ये आहे. २०१५ नंतर घरपट्टी इमारतीच्या मूल्यावर लागते, तेव्हा बंगल्यांची आकारणी नीट केली तर उत्पन्न वाढतं. ड्रोनने गावठाण मोजून सनद देणारी स्वामित्व योजना आहे. २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणं नियमित करण्याचा २०१८ चा शासन निर्णय आहे. माझ्या मते अधिभारातून येणारा पैसा गटारं आणि कमानी यांत न घालता त्याचा ठरीव हिस्सा घरांच्या जागेसाठीच बांधून ठेवावा.

खरी गोष्ट गावठाण वाढवण्याची. तो अधिकार महसूल कायद्याच्या कलम १२२ ने जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे, गावाने फक्त मागायचं. गायरानाला हात लावायची सोय २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर जवळजवळ राहिली नाही, म्हणजे जमीन विकत तरी घ्यावी लागेल किंवा संपादित करावी लागेल, आणि दरवर्षी उशीर केला की भाव चढलेला असेल. मागणी वर रेटायला जिल्हा परिषदेचा सदस्य हवा. रायगड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि बंगल्यांचे भाव सर्वांत वेगाने चढले त्या पुढच्या तीन वर्षांत तिथे प्रशासक बसलेला होता.