बोटीच्या तळातला पंप पाणी फेकत नाहीये? आधी कान लावून ऐका

२४ तासांत १०० मिलिमीटर पाऊस, ही कोकणात काही बातमी होत नाही. पण खाडीत बांधून ठेवलेली ८ मीटर लांब, २ मीटर रुंद उघडी बोट डोळ्यासमोर आणा. पुढचं टोक निमुळतं असतं हे धरलं तरी तेवढ्या पावसात तिच्यात हजार-बाराशे लिटर पाणी साचतं. म्हणजे रात्रीतून एखादी छोटी कार बोटीत आणून ठेवल्यासारखं. कुठे भोक पडलेलं नाही, लाट आलेली नाही, आणि सकाळी बोट काठापर्यंत पाण्यात.

हे होऊ नये म्हणून बोटीत बिल्ज पंप असतो. बिल्ज म्हणजे बोटीच्या तळातली सगळ्यात खोलगट जागा. पाऊस, लाटेचे शिंतोडे, मासे धुतलेलं पाणी, सगळं शेवटी तिथेच उतरतं. लहान बोटीत तिथे १२ व्होल्टचा, पाण्यात बुडूनच चालणारा छोटा पंप बसवतात. शेजारी तरंगता स्विच, म्हणजे फ्लोट. पाणी वाढलं की फ्लोट वर उचलला जातो, पंप सुरू होतो. पाणी उतरलं की फ्लोट खाली, पंप बंद.

इतकं साधं यंत्र, पण बसवलेलं असतं खारं पाणी, तेल, माशांचे खवले आणि प्लास्टिकच्या तुकड्यांच्या खिचडीत. त्यामुळे ते बिघडणारच. प्रश्न असा, की बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायचं कसं?

त्याआधी एक काम. इंजिन किंवा टाकी पेट्रोलची असेल तर पहिल्यांदा तळाशी वास घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खालीच साचून राहते. वास येत असेल तर कुठलाही स्विच, कुठलीही वायर हलवायची नाही. बोट उघडी ठेवून वारा खेळू द्या आणि आधी गळती शोधा.

वास नसेल तर पंपाचा हाताने चालू करायचा स्विच दाबा आणि ऐका. आवाज येतो की नाही, यावरच पुढचा सगळा तपास अवलंबून आहे.

अजिबात आवाज नाही? मग मामला बहुतेक विजेचा. हाताने फ्लोट उचलून बघा. फ्लोटवर पंप चालतो पण स्विचवर नाही, तर स्विच किंवा त्याची वायर गेलेली. स्विचवर चालतो पण फ्लोटवर नाही, तर फ्लोट खराब आहे किंवा खाली कचरा अडकून जाम झालाय. दोन्हींवर चालत नाही, तर फ्यूज बघा. फ्यूज उडालेला असेल तर नवा टाकायच्या आधी पंप उघडा, कारण आत मासेमारीचा दोरा किंवा प्लास्टिक गुंडाळून पंपाचा पंखा अडकला की मोटर जास्त करंट ओढते आणि फ्यूज उडतो. इथे बरेच जण जास्त अँपिअरचा फ्यूज टाकून मोकळे होतात. तसं करू नका. मग फ्यूजऐवजी वायर तापते, आणि पाण्याच्या मध्यभागी आग लागलेली बोट ही बुडणाऱ्या बोटीपेक्षा वाईट.

फ्यूज ठीक असेल तर वायरचे जोड तपासा. माझं मत विचाराल तर खरा गुन्हेगार दहातल्या बहुतेक वेळा इथेच सापडतो. दोन वायरी पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असते. खारं पाणी टेपच्या आत शिरतं, तांबं खातं आणि आत हिरवा भुगा उरतो. बाहेरून सगळं ठणठणीत दिसतं. मल्टिमीटर असेल तर पंप चालू करून पंपाजवळचं व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १२.५ आणि पंपाजवळ १० दिसलं, तर मधल्या अडीच व्होल्टचा चोर वायरीतच आहे. जोड कापून टाका, बोटीसाठी मिळणारी कथिलाचा मुलामा असलेली वायर वापरा, आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा आणि जोड तळात न ठेवता शक्य तितका उंच बांधा.

आवाज येतोय पण पाणी पडत नाही, हा दुसरा प्रकार. मोटर जिवंत आहे, वाट अडलीय. पंपाखालची जाळी काढून धुवा, पंख्यात काही अडकलंय का बघा. मग पाइप हाताने चाचपत बाहेरच्या तोंडापर्यंत जा. दुमडलाय का, चिरलाय का? पाइप मध्येच खाली झोळ खाऊन पुन्हा वर जात असेल तर तिथे पाणी राहतं, पंपात हवा कोंडते आणि तो नुसताच गुरगुरतो. पाइपमध्ये एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व असेल तर तोही चिकटतो. पंप नुकताच बदलला असेल तर प्लस-मायनस उलटे लागलेत का तेही बघा. उलटा फिरणारा पंप आवाज छान करतो, पाणी जेमतेम फेकतो.

तिसरा प्रकार म्हणजे पंप थांबतच नाही. फ्लोट वरच अडकला असेल तर तो कोरडाच चालून बॅटरी संपवतो. पण फ्लोट ठीक असेल तर कौतुक करत बसू नका. पाणी खरंच कुठूनतरी आत येतंय. तळाचं बूच, इंजिनाजवळचे पाइप, तळाच्या फटी बघा. पंपाचं बाहेरचं तोंड पाण्याच्या पातळीखाली गेलं असेल तर पंप बंद होताच त्याच पाइपातून समुद्र आत येतो, हेही विसरू नका.

पंपावरच्या आकड्यावर फार विसंबू नका. ताशी ११०० गॅलन म्हणजे सुमारे ४,१६० लिटर, पण हा आकडा आदर्श परिस्थितीतला. उंच, लांब पाइप आणि दमलेली बॅटरी असेल तर प्रत्यक्षात तो बराच खाली येतो. उलट, पाण्याच्या पातळीखाली एक फुटावर एक इंच व्यासाचं भोक पडलं तर ताशी अडीच हजार लिटरच्या वर पाणी आत येतं. भोक दोन इंचाचं असेल तर चौपट. तिथे पंप फक्त वेळ मिळवून देतो, भोक कापडाने, लाकडी खुंटीने, मिळेल त्याने बुजवावंच लागतं. म्हणून पंप कितीही चांगला असला तरी बादली बोटीतून उतरवायची नाही.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. हे सगळं उघडून बघायला यापेक्षा बरी वेळ नाही. दुरुस्ती झाली की तळातलं तेल आधी जुन्या कापडाने टिपून घ्या, नाहीतर पंप ते खाडीत ओतेल. मग दोन बादल्या पाणी तळात ओता आणि स्विचला हात न लावता उभे राहा. पंप आपणहून सुरू झाला, पाणी जोरात बाहेर पडलं आणि तो आपणहून थांबला, तर काम झालं. थांबल्यावर पाइपातलं थोडं पाणी परत खाली येईल, त्याने घाबरायचं कारण नाही. पण तेवढ्या पाण्याने पंप दर मिनिटाला पुन्हा सुरू व्हायला लागला, तर फ्लोट जरा वर सरकवून बसवा.